जर्मनची डोली

गोरखनं दोन्ही हातांनी सांधा खाली दाबला. टक् असा आवाज झाला आणि दुमडलेलं स्ट्रेचर अंगणात लांबसडक उघडलं.

घरात त्याची आई, चंद्राबाई, कण्हत होती. सकाळी गोठ्यात पाय घसरून ती खुब्यावर पडली होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या या वाडीत गाडी पोचत नव्हती. रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्याला थांबली होती.

“ताई, हे तर जर्मनचं,” आरोग्य केंद्रातून स्ट्रेचर घेऊन आलेल्या अश्विनीला तो म्हणाला. “आमच्या पातेल्याला नुसता धक्का लागला तरी पोचा पडतोय. आई मदीच खाली आली म्हंजी?”

“पातेल्याचं जर्मन म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, म्हणून मऊ. यात मॅग्नेशियम, सिलिकॉन मिसळून वर भट्टीत तापवून कणखर केलेलं असतं. वजनाला तितकंच हलकं, पण वाकत नाही. दोघांत आरामात जाईल.”

गोरख त्यावर बसला. मग आडवा झाला. धाकट्या हनुमंतनं एक टोक उचललं आणि मान हलवली.

डोली उचलायची म्हणून भातकापणी टाकून वाडीतले आठ-दहा बाप्ये आले होते. ते थोडा वेळ उभे राहिले आणि एकेक करून खाचरांकडे परतले.

दोघा भावांनी स्ट्रेचर घरात नेऊन आईला त्यावर निजवलं आणि पट्टे खांद्यावर घेतले. उंबरठा ओलांडल्यावर चंद्राबाईनं इकडंतिकडं पाहिलं.

“बाकीची कुठं गेली?”

“लागत न्हाईत, आई. लई हलकं हाय.”

तिच्या नवऱ्याला बांबूच्या डोलीतून नेलं तेव्हा खांदे बदलायला अर्धी वाडी लागली होती. आज पायवाटेवर दोघांच्या चपलांचा तेवढा आवाज येत होता. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

उतार सुरू झाला तिथं शेजारची ठकुबाई बांध ओलांडून धापा टाकत आली. कमरेला विळा तसाच होता. तिनं चंद्राबाईच्या उशाशी दांडीवर हात ठेवला.

“मावशी, लागत न्हाई,” पुढून गोरख म्हणाला.

“ठाव हाय मला.”

ती चालू लागली. पदराआडून चंद्राबाईचा हात बाहेर आला आणि ठकुबाईच्या मनगटावर टेकला.

उतार वाढला तशी गोरखच्या खांद्यावरचा पट्टा रुतू लागला. त्यानं वळून पाहिलं. ठकुबाई दांडी उचलत नव्हती. पाय सरकू नये म्हणून तीच दांडीवर भार टाकून उतरत होती.

हनुमंत काही बोलणार, तोच गोरखनं त्याला मानेनं नको म्हटलं आणि पावलं आवरती घेतली.