कुंपणाबाहेरून हाक

व्हर्लीन गेली होती रक्तदाबाच्या गोळ्या आणायला, आणि डॉक्टरनं भलतंच काढलं. गोळ्या बदलून बदलून थकलो, दाब काही उतरत नाही, म्हणाला. आमच्या इथल्याच एक बाई आहेत, त्यांच्याशी जरा बोला. एवढं म्हणून तो शेजारच्या खोलीतून एकीला घेऊनच आला. "या नेल्डा. आमच्या समाजसेविका."

व्हर्लीन खुर्चीतून अर्धी उठलीच. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरखोऱ्यात समाजसेविका म्हणजे एकच, सरकारी गाडीतून येणारी, घरातला फ्रीज उघडून बघणारी आणि जाताना पोर घेऊन जाणारी. वरच्या आळीतल्या डीलाची दोन नातवंडं अशीच गेली होती. आणि व्हर्लीनच्या घरी जोलीन, लेकीची लेक, जेमतेम शाळेत जायला लागलेली. लेक ट्रेसा नशेच्या गोळ्यांपायी परागंदा झाली, ती पोर आजीच्या पदरात टाकून. कोर्टाचा कागद नाही की काही नाही. पोर माझी म्हणायला व्हर्लीनच्या हातात होतं काय?

नेल्डा बोलायला गोड. पण गोड बोलणाऱ्यांनीच तर घरं बुडवली आहेत! झोप लागते का, जेवण जातं का, घरी कोण कोण असतं, असं ती विचारत गेली आणि व्हर्लीन बिनदिक्कत थापा मारत गेली. झोप? मेल्यासारखी. घरी? मी आणि मांजर. खरं तर ती रात्र रात्र दाराशी खुर्ची टाकून बसायची, ट्रेसा नशेत येऊन पोर उचलून नेईल या धास्तीनं.

पुढच्या तारखेला ती दवाखान्यात फिरकलीच नाही. मग एका दुपारी नेल्डाची गाडी खालच्या वळणावर दिसली. झालं! व्हर्लीननं पोरीला ओसरीखालच्या बटाट्याच्या तळघरात ढकललं, खोकायचं नाही, तोंडावर हात धरून बस म्हणून दटावलं आणि बाहेरून फळी लावली.

पण बाई दाराशी आलीच नाही. सरकारी माणसं थेट दार ठोठावतात, ही कुंपणापाशी थांबली, डोंगरातल्या रीतीप्रमाणे "घरात आहे का कुणी?" अशी हाक मारली आणि उभी राहिली. व्हर्लीनचा संशय उलट वाढला. हिला आमची रीत शिकवली कुणी? तरी हाक मारणाऱ्याला ताटकळत ठेवणं त्या खोऱ्यात शोभत नाही. शेवटी तिनं ये म्हटलं. आत घेवडा शिजत होता, पण बसवलं ओसरीवरच.

नेल्डानं दाराशी ठेवलेली खुर्ची पाहिली, तिच्यावरची गोधडी पाहिली. मग पायरीवरचे चिमुकले बूट पाहिले.

"मांजराला बूट लागतात वाटतं," ती म्हणाली.

व्हर्लीननं ते बूट पायानं बाजूला सारले.

"व्हर्लीनबाई, रात्री कुणासाठी जागता?"

"आधी लेकीसाठी जागायचे. आता तुझ्यासाठी."

नेल्डा हसली नाही. "पोरं नेणारं खातं वेगळं. मी डॉक्टरांच्या जोडीला बसते. ते दाब मोजतात, तो कशानं चढतो ते मी बघते. पण खोटं नाही बोलणार. पोर उपाशी असेल, मार खात असेल, तर मला कळवावंच लागतं. तसं आहे का?"

"नाही."

"मग कोर्टाचा कागद नसेल, तर तिचा ताबा तुमच्या नावावर करून घेऊ. वकील मी गाठून देते. मग लेक आली तरी तिला पोर अशी उचलून नेता यायची नाही."

व्हर्लीन तिच्याकडे बघत राहिली. फसवायलाच आली असती, तर कळवावं लागतं हे कशाला बोलली असती मेली? तरी मन धजेना. तेवढ्यात फळीमागून दाबलेला खोकला ऐकू आला, आणि नेल्डा एवढंच म्हणाली की खाली गारठा असेल.

व्हर्लीननं फळी काढली. पोर बटाट्यांच्या पोत्यावर बसलेली, दोन्ही तळवे तोंडावर गच्च, डोळ्यांतून पाणी. आजी म्हणाली, काढ आता हात. पोरीनं आजीमागे उभी असलेली नेल्डा पाहिली आणि हात आणखीच दाबले. व्हर्लीनला ते ओढून सोडवावे लागले. मग पोर खोकत सुटली ती थांबेचना.

व्हर्लीन तिला छातीशी धरून तिथेच पायरीवर बसली. नेल्डाच्या नाही, आपल्याच धाकानं ही पोर अशी बसली होती, हे तिला कळून चुकलं होतं.

"मला झोप येत नाही गं," ती नेल्डाला म्हणाली. "कधीचीच येत नाही."