लक्ष्मीची सही

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कौशल्याबाई रसासाठी आंबे पिळत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे होतं. सणावाराला आखातातून थोरल्या सुनेचा, दीपमालाचा, फोन यायचाच. आज तो दुपारपर्यंत येऊ नये, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

बाहेर पाटावर कागद मांडले होते. थोरला मुलगा आनंद परदेशात दुसरी कंपनी काढत होता, मर्यादित जबाबदारीची. निम्म्याहून अधिक हिस्सा तिथल्या एका शेखचा, उरलेला आपला, अशी तिकडची अट. आपला म्हणजे धाकट्या सुदर्शनच्या बायकोच्या, प्रियदर्शनीच्या नावावर. मॅनेजरही तीच आणि चेकवर सहीही तिचीच. वकील नोटरीचे शिक्के घेऊन कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये केव्हाचा येऊन बसला होता.

कौशल्याबाईंचे यजमान नागोराव नांदेडकडून पुण्यात आलेले; त्यांच्या घरचा हा रिवाजच होता. धंदा घरच्या लक्ष्मीच्या नावावर काढायचा. सासूनं सुनेला कुंकू लावून हातात पेन द्यायचं आणि सुनेनं नमस्कार करून दाखवतील तिथं सही करायची. पाहुणे कौतुक करत, बघा, सुनेला मालकीण केलं म्हणून. मालकिणीनं कागद वाचायची पद्धत मात्र नव्हती.

नागोरावांनी वाघोलीला पत्र्याचं वर्कशॉप काढलं ते कौशल्याबाईंच्या नावावर. पुढे एक चेक परत गेला तेव्हा कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात कौशल्याबाई उभ्या राहिल्या. नागोराव मागच्या बाकावर बसून होते. घरी आल्यावर म्हणाले, "बाईमाणसाला जज लई बोलत न्हाईत."

मग दीपमालाची पाळी आली. तोच पाट, तेच कुंकू. आनंदबरोबर ती आखातात गेली, कंपनी बरी चालली, आणि मंदी येताच चेक परत जाऊ लागले. आनंद 'भांडवल जमवायला' आठ दिवसांसाठी पुण्याला आला तो इथलाच झाला. चेकवर सही दीपमालाची, म्हणून अटक तिला झाली. जामीन मिळाला, पण पासपोर्ट कोर्टात जमा. देश सोडायचा नाही. घरानं सगळ्यांना सांगितलं, ती ऑफिस सांभाळते. तिची आई वारली तरी ती आली नाही, तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरगी पैशाला चटावली. ते बोलणं ऐकत कौशल्याबाईंनी त्यांना चहा दिला होता.

फोनवर दीपमाला एवढंच म्हणायची, "आई, यांना देता का?" आनंद हातानं खुणा करायचा, आंघोळीला गेलाय म्हण. या दीड वर्षात आनंदइतका न्हालेला माणूस उभ्या पुण्यात दुसरा नसेल.

"आई, मी गाळू का रस?" प्रियदर्शनी स्वयंपाकघरात आली. हिंजवडीच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची; लोकांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची.

"ते कागद वाचलीस का गं?"

"नाही हो. सुदर्शन म्हणाला, स्टँडर्ड फॉरमॅट आहे. भाऊजींनी चेक केलंय सगळं."

"हापिसातबी असंच करतीस?"

ती हसली. "ऑफिसात असं केलं तर घरी पाठवतील मला."

कौशल्याबाईंच्या हातातली कोय परातीत पडली. सांगावं, असं ओठांवर आलं. पण बाहेरून नागोरावांची हाक आली आणि त्या हात धुऊन निघाल्या. इतकी वर्षं असंच तर चाललं होतं.

प्रियदर्शनी पाटासमोर बसली. "दीपाताईंनाही तुम्हीच कुंकू लावलं होतं ना?" तिनं कौतुकानं विचारलं. कौशल्याबाईंचं बोट करंड्यातच थांबलं.

आणि फोन वाजला.

आनंदनं नेहमीची खूण केली. कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं.

"आई, सणाचा नमस्कार. यांना देता का?"

"देते. आधी एक सांग दीपा. तुझा पासपोर्ट कुठं हाय?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"आई, तुम्हीच म्हणला होता, कुणापाशी बोलायचं न्हाई."

"आता मीच म्हणते, बोल."

"कोर्टात हाय. चेकचे पैसे भरल्याबिगर सोडत न्हाईत. तुम्हाला ठावं हाय की, आई."

प्रियदर्शनीनं आधी सासूकडे पाहिलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"सुदर्शन, तुला माहीत होतं?"

"अगं, या कंपनीच्या प्रॉफिटमधूनच वहिनीला सोडवणार आहोत. टेम्पररी आहे सगळं."

"मग तुझ्या नावावर काढ."

सुदर्शन कागदांकडे बघत राहिला. तिनं पेनाला टोपण लावलं.

"सूनबाई, घरच्या लक्ष्मीनं असं बोलू नये," नागोराव म्हणाले.

"लक्ष्मीचं मी बघते," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलून आनंदच्या मांडीवर ठेवला. "आंघोळ झाली असंल तर धर." मग त्या वकिलासमोर बसल्या. "वाघोलीचं वर्कशॉप माझ्या नावावर हाय. शेजारचा दशरथ कधीचा मागतोय. त्याला विकायला मी तयार हाय, असा कागद करा. ते पैसे भरून माझी सून घरी आणायची हाय."

नागोराव उसळले. "नावावर हाय म्हणून काय तुझं झालं का?"

"पिंजऱ्यात उभी केलीत तवा माझंच होतं."

वकिलानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि उरलेल्या स्टॅम्पपेपरवर लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर सवयीनं कागद पुढे सरकवून तळाशी बोट ठेवलं. "इथं सही करा, बाई."

"आधी वाचा. मोठ्यानं वाचा. तिला तिकडं ऐकू गेलं पाहिजे."

वकील वाचू लागला. आनंदनं मांडीवरचा फोन वकिलाच्या दिशेनं धरला होता. त्या पैशांत सगळं भागेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेलेली आई तर दीपमालाला आता दिसणारच नव्हती. वाचून संपलं आणि फोनमधून बारीक आवाज आला.

"आई, त्यांना अजून एकदा वाचायला सांगा."

वकिलानं पुन्हा वाचलं. कौशल्याबाईंनी आपलं नाव एकेक अक्षर लावून लिहिलं. या खेपेला कुंकू लावायला कुणी उठलं नाही.