मंगळवार, गुरुवार, शनिवार

खोकला आला तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. हातात गाडीची किल्ली, खांद्याला बाईंची पिशवी. एकच खोकला, तोही कोरडा. पण ते जागच्या जागी थांबले आणि मागे न वळता म्हणाले, “तू तिथंच थांब. खाली येऊ नकोस.”

बाई दाराला कुलूप लावत होत्या. “घसा कोरडा पडला असेल. पाणी आणते.”

“सकाळपासून अंग कणकणतंय माझं. तुला बोललो नाही.”

एवढं बोलून ते पायरीवर बसले, पाठ बाईंकडे ठेवूनच.

एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. या काळात गाडीला साधा ओरखडा नाही. डेपोत त्यांना सगळे ‘ब्रेक’ म्हणायचे, कारण पुढे मांजर दिसलं तरी यांचा पाय आधी ब्रेकवर. निवृत्तीनंतर इमारतीतल्या पोरांनी त्याचं ब्रेककाका करून टाकलं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, कानाला हेडफोन लावून तीस वर्षं परक्या माणसांना परक्या माणसांशी जोडून देत. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरलेला. चार तास डायलिसिसच्या मशीनवर बाई, आणि खाली गाडीत काका.

साथ आली तशी इमारतीतली सगळी म्हातारी माणसं दारं लावून बसली. कुणी भाजी टोपलीला दोरी बांधून वर ओढून घेई, कुणी वर्तमानपत्राला इस्त्री करी. या दोघांना ती चैन नव्हती. बाहेर पडावं तर आजाराची धास्ती. घरात बसावं तर चार दिवसांत अंगातलं पाणी छातीत चढणार. डायलिसिसच्या हॉलमध्ये बारा पलंग होते. एखाद्या दिवशी त्यातला एक रिकामा दिसे, गादी पुसून उभी करून ठेवलेली. कुणी काही विचारत नसे. पुढच्या खेपेला तिथं नवं माणूस असे, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून मान हलवत.

काकांनी जिन्यात बसूनच सेंटरला फोन लावला आणि मला ताप आहे, खोकला आहे, बायकोला घेऊन येऊ की नको, असं सरळ विचारलं. तिकडून अपेक्षेप्रमाणेच उत्तर आलं. आधी दोघांची तपासणी, रिपोर्ट आल्याशिवाय हॉलमध्ये घेता येणार नाही. म्हणजे गुरुवार बुडाला.

बाईंचा पारा चढला. “कुणी सांगितलं होतं बोलायला? मला कुठं काय होतंय? गुपचूप जाऊन आले असते.”

“तिथं आणखी अकरा जण आहेत,” ते म्हणाले. “त्यांच्या घरीही कुणीतरी बसलंय.”

बाईंनी कुलूप उघडलं, आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं, आणि काकांना बाहेरच्या खोलीत यायला वाट करून दिली.

पुढचे दोन दिवस संसार त्या लोटलेल्या दारातून चालला. जेवणाचं ताट स्टुलावर ठेवायचं, चार पावलं मागं सरायचं. शुक्रवारी तपासणीवाले येऊन नाकात काडी घालून गेले. बाईंच्या पायावर सूज चढली होती, उशा रचून बसल्या तरच बरं वाटत होतं. दाराआडून काकांनी त्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

“एका दमात एक वाक्य बोलून दाखव बघू.”

“आज दूधवाल्यानं पिशवी दाराबाहेरच टाकली आणि मांजरानं ती फोडली.”

“ठीक आहे. अजून दम आहे.”

तासातासाला हेच. बाई वैतागून काहीबाही बोलत. एकदा तर त्यांनी सासूबाईंचा जुना हिशेब एका दमात काढला, आणि काका दाराआड हसले. हसताना त्यांना जी ढास लागली ती थांबेचना. शुक्रवारी संध्याकाळी बाईंच्या ध्यानात आलं, की आपली वाक्यं अजून सलग आहेत. तुटतायत ती विचारणाऱ्याची. “एका... दमात... बोल बघू.” त्या दाराला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

शनिवारी सकाळी रिपोर्ट आले. बाई निगेटिव्ह, काका पॉझिटिव्ह. सेंटरनं बाईंना कोपऱ्यातलं वेगळं मशीन दिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या एकट्या गेल्या, परक्याच्या गाडीत, आणि परत आल्या तेव्हा काकांचे ओठ निळसर दिसले. रविवारी पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. काकांनी त्यांचा हात धरला नाही. कठडा धरून स्वतःच्या पायांनी उतरले. वळणावर थांबून, दम खाऊन एवढंच म्हणाले, “गाडीवाल्याला आदल्या दिवशी फोन कर. ऐनवेळी मिळत नाही.”

घरात जग सोडून जाण्याची तयारी झाली होती ती बाईंची. पाच वर्षांत मुलगा परदेशातून दोनदा धावत येऊन गेला होता. साड्या कुणाला कुठली, हे ठरलं होतं. काकांना कुकर लावायला शिकवून झालं होतं. कुठल्या डब्यात काय, याच्या चिठ्ठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं चिकटवल्या होत्या. गॅसचं, विजेचं, बँकेचं मात्र सगळं काका बघत. त्यांच्या गैरहजेरीत घर कसं चालवायचं, याचा विचार कुणी केलाच नव्हता, खुद्द त्यांनीही नाही. सोमवारी दिवे लावताना एक बटण चालेना, आणि ते कुठल्या फ्यूजवर आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं.

काका वॉर्ड सातमध्ये आहेत एवढंच कळलं होतं, पण हॉस्पिटलचा चौकशीचा नंबर लागत नव्हता. मुलगा तिकडून दोन दिवस डोकं आपटत होता. मंगळवारी डायलिसिसहून आल्यावर बाईंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली, हॉस्पिटलच्या जुन्या टेलिफोन बोर्डाचा नंबर शोधून फिरवला. पलीकडून आवाज येताच नमस्कार नाही, नाव नाही, विनंती नाही. ड्यूटीवरच्या सपाट आवाजात त्या म्हणाल्या, “बोर्ड? वॉर्ड सात द्या.”

पलीकडच्या मुलीनं सवयीनं जोडून दिलं.

काकांचं नाव ऐकून वॉर्डातल्या नर्सनं कोण बोलतंय विचारलं, तेव्हा मात्र तो आवाज टिकला नाही. “मी त्यांची बायको,” बाई म्हणाल्या. “दोन मिनिटं फक्त.”

नर्सनं फोन काकांच्या कानाशी धरला असावा. ऑक्सिजनचा, हवा सुटल्यासारखा एकसारखा आवाज येऊ लागला. बोलायचं खूप योजलं होतं. तोंडून आलं ते असं, “अहो, माझं आज नीट पार पडलं. वजन दीडच किलो वाढलं होतं, पाणी मोजून पितेय, गाडीवाल्याला कालच फोन केला होता, तो वेळेवर आला.”

बराच वेळ नुसती हवा. मग त्यातून, एकेक शब्द वेगळा, “एका... दमात... बोललीस.”

त्यानंतर बोर्डावर दुसरी ऑपरेटर बसली. ती जोडून देईना.

शुक्रवारी दुपारी मुलाचा फोन आला. हॉस्पिटलनं आधी त्याला कळवलं होतं. घरच्या कुणालाही येता येणार नव्हतं. हॉस्पिटलचीच माणसं स्मशानात नेणार होती. शनिवार, सकाळी साडेअकरा. हे सांगताना तो रडत होता, आणि बाई त्याला हळू बोल, नीट श्वास घे, असं समजावत होत्या. शेवटी तो म्हणाला, “आई, उद्या तरी नको जाऊस. एक दिवस घरी बस.”

“तिथं मला येऊ देणार आहेत का?”

“नाही.”

“मग घरी बसून काय करू?” बाई म्हणाल्या. “फोन ठेव आता. गाडीवाल्याला सांगायचंय.”

शनिवारी काट्यावर त्यांचं वजन कधी नव्हे इतकं कमी भरलं. टेक्निशियन मुलीनं आकडा दोनदा पाहिला, खाल्लं नाही का विचारलं. खाईन, असं बाई म्हणाल्या. कोपऱ्यातल्या मशीनवर तिनं बाईंच्या डाव्या हाताला दोन सुया लावल्या, नळ्या भरल्या, पंप फिरू लागला. प्रेशर खाली होतं, म्हणून तिनं पलंग सपाट केला आणि हलू नका म्हणून बजावलं.

सव्वाअकरा झाले तेव्हा बाईंनी तिला खुणेनं बोलावलं.

“मला जरा उठवून बसवतेस?”

“चक्कर येईल काकू. प्रेशर बघा किती आहे.”

“उभं राहू का, असं विचारणार होते. ते जमणार नाही मला माहीत आहे. बसव फक्त.”

मुलीनं मशीनकडे पाहिलं, मग बाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. वाकून तिनं पलंगाचा दांडा फिरवायला घेतला. पाठ वर आली. बाईंनी पाय जवळ घेतले, उजव्या हातानं पदर सारखा केला, डावा हात उशीवर तसाच सरळ ठेवला आणि मान ताठ केली. समोरच्या पलंगांवर सगळे आडवे होते.

मुलगी प्रेशरच्या यंत्राजवळ उभी राहिली. दुसऱ्या कुणी हाक मारली तरी ती गेली नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या, “झालं असेल. आता आडवं कर.”