ताप आलेल्या मुलांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं, बुटकं, गोल टेबल आहे. माझ्या अंगावर रंगाचे डाग आहेत आणि एक पाय लुळा झाला आहे. पण आधी मी तुम्हाला एका दुपारबद्दल सांगतो. त्या दुपारी माझ्याभोवतीच्या सगळ्या छोट्या खुर्च्या सरळ उभ्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एक मूल होतं. तशी दुपार पुन्हा आली नाही.

शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी आमची खोली होती. दारावर ‘मदतवर्ग’ अशी पाटी होती. ज्यांना अक्षरं लागत नसत, ज्यांच्या बेरजा चुकत, ती मुलं रोज दुपारी आपापल्या वर्गातून उठून इथे येत. त्यांना शिकवायला एक सर होते. उंचच उंच, लांब मानेचे. छोट्या खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे कानाला लागत. मुलं त्यांना उंट सर म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. सरही ओठ लोंबते करून उंटासारखे हलवून दाखवत.

त्या मुलांत सरांची स्वतःची मुलगीही होती. शिक्षकांच्या खोलीत याची चर्चा चाले. “दिव्याखाली अंधार,” असं कुणीतरी म्हणे आणि बाकीचे चहा पिता पिता हसत.

त्या दुपारी ती मुलगी माझ्यावर कोपर टेकून वाचत होती. धडा पोस्टमनवर होता. पोस्टमनची सायकल वाटेत पंक्चर होते, तिथे ती नेहमी अडायची. त्या शब्दापाशी तिची स्वतःची गाडीच बसायची. पण त्या दिवशी तिचं बोट ‘पंक्चर’वर थांबलं आणि पुढे निघालं. पोस्टमन पत्र घेऊन पोहोचला. पान संपलं.

मग सतत पुटपुटत राहणारा एक मुलगा, ज्याला सगळे पुटपुट्याच म्हणत, मोठ्यानं ओरडला, “सर, हिनं संपवलं की हो!”

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. “पुन्हा वाच,” ते म्हणाले.

“का? चुकलं?”

“नाही गं. मला पुन्हा ऐकायचंय.”

ती पुन्हा वाचू लागली. सायकल पंक्चर व्हायच्या आत शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.

“सर, मोठ्या बाईंचा निरोप आहे. उद्या गाडी येतेय. परीक्षावाली.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सरांनी मान हलवली. थोडा वेळ ते माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग मुलांकडे पाहून म्हणाले, “ऐकलंत ना? उद्या तुम्हाला सगळ्यांना ताप आहे.”

“सर, मला मागच्या वर्षीही तापच होता,” पुटपुट्या म्हणाला. “या वर्षी पोटदुखी द्या ना.”

सगळे हसले. सरांची मुलगी हसली नाही.

“मला पण ताप?”

“तुलाही.”

“पण मला येतं ना आता वाचायला!”

सरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. “बघ, केवढं तापलंय. पुढच्या वर्षी देऊ हं परीक्षा.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल हे सर वाईट होते. तसं नव्हतं. सरकारचा नियमच असा होता. वर्षातून एकदा परीक्षा घ्यायला एक साहेब येत. सगळ्या मुलांच्या गुणांची सरासरी काढत. सरासरी रेघेच्या वर गेली तर शाळेला अनुदान मिळे. खाली गेली तर छप्पर गळत राही. कच्ची मुलं परीक्षेला बसली की सरासरी घसरे, म्हणून त्या दिवशी त्यांना ताप येई. नंतर, वेगळ्या दिवशी, दुसरे साहेब येत. मदतवर्गात खरंच कच्ची मुलं आहेत ना, हे ते पाहत. मुलं दिसली तरच सरांचा पगार मंजूर होई. त्या दिवशी हीच मुलं तोंड धुऊन, भांग पाडून माझ्याभोवती बसत. म्हणजे एका साहेबाला ती दिसायची नाहीत आणि दुसऱ्याला दिसायलाच हवीत. वर्षानुवर्षं हे जमून गेलं होतं.

मी काही जन्मापासून बुटका नव्हतो. मी शिक्षकांच्या खोलीतलं उंच टेबल होतो आणि माझ्यावर कपबश्या ठेवत. मोठ्या बाईंनी नवीन चौकोनी टेबल आणलं तेव्हा सरांनी मला मागून घेतलं आणि सुतारकाकांकडून माझे पाय अर्धे कापवले. करवत चालली तेव्हा मला फार दुःख झालं. “अहो, मोठ्यांच्या पंगतीतून उठवून याला लहानांत बसवताय,” सुतारकाका म्हणाले. सर म्हणाले, “गोल आहे ना, याला मागचा बाक नसतो.” ते ऐकून माझं दुःख कमी झालं. त्यानंतर कितीतरी मुलं माझ्यावर रेलून अक्षरं शिकली. कुणी मला चावलंसुद्धा. माझ्या कडेवर त्या दातांची खूण अजून आहे.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी दार हळूच उघडलं. सर लवकरच घरून निघून मोठ्या बाईंकडे गेले होते; त्यांच्या मागोमाग सरांची मुलगी आली होती. गणवेश घातलेला, वेण्या घट्ट बांधलेल्या, हातात दोन्ही टोकांना टोक काढलेली पेन्सिल. एक टोक मोडलं तर दुसरं असावं म्हणून. ती परीक्षा द्यायला आली होती. वर्गात गेली असती तर वर्गाच्या बाईंनी घरी पाठवलं असतं. म्हणून परीक्षा सुरू होईपर्यंत इथे थांबावं आणि मग धावत जाऊन जागेवर बसावं, असा तिचा बेत असावा. तेवढ्यात बाहेर सरांच्या चपला वाजल्या. ती पटकन माझ्याखाली शिरली.

सर आत आले. त्यांनी दारावरची पाटी काढून पिशवीत टाकली. मग एकेक खुर्ची उचलली आणि पाय वर करून माझ्यावर उलटी ठेवली. दरवर्षी तेच करत. वरून एक जुना पडदा टाकला. तो चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होता. खोली वर्षभर उघडलीच नसावी, अशी दिसू लागली. आपल्या मुलीच्या डोक्यावर आपण खुर्च्या रचतो आहोत, हे त्यांना कळलं नाही.

गाडी आली. तिच्यातून एक नाही, दोन साहेब उतरले.

“दोन फेऱ्यांचं तेल आता परवडत नाही हो बाई,” पहिले साहेब हसत म्हणाले. “वरून हुकूम आहे, एकाच गाडीत या. मी गुण बघतो, हे मदत बघतात.”

पावलं आमच्या खोलीकडे आली. दार उघडलं. पहिले साहेब, दुसरे साहेब, मोठ्या बाई आणि त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेले सर.

“मदतवर्ग हाच ना?” दुसऱ्या साहेबांनी विचारलं.

मुलं घरी आहेत असं सांगावं, तर पहिले साहेब विचारणार, नेमकी कच्चीच मुलं आजारी कशी? मग अनुदान गेलं, वर चौकशी. मोठ्या बाईंनी क्षणभर विचार केला.

“पूर्वी होता, साहेब. आता गरज उरली नाही. सगळी मुलं वर आली. ही अडगळीची खोली.”

“अरे वा! आणि आपण?” साहेबांनी सरांकडे पाहिलं.

सरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे पाहत होत्या.

“मी… सामान बघतो,” सर म्हणाले.

“म्हणजे वाचता न येणारं एकही मूल नाही या शाळेत?”

“नाही साहेब. आमच्याकडे तशी मुलं नाहीत,” सर म्हणाले.

माझ्याखाली दोन हातांनी माझा पाय घट्ट धरला. तोच पाय आता लुळा आहे.

“छान. नाहीतर लोक खुर्च्या दाखवून पगार उचलतात,” साहेब म्हणाले. उलट्या खुर्चीच्या पायावर त्यांनी टिचकी मारली. “प्रामाणिक शाळा आहे. हे भंगारात काढा आता.”

सगळे गेले. बऱ्याच वेळानं शिपाईमामा पडदा न्यायला आले आणि त्यांनी तो उचलला. मुलगी तशीच बसली होती.

“मामा,” तिनं विचारलं, “मला खरंच ताप आहे का?”

मामांनी तिच्या कपाळाला हात लावला. “नाही गं बाळा.”

“मग मी घरी जाते. बाबांना सांगू नका मी आले होते.”

पेन्सिल तिथेच टाकून ती मागच्या फाटकातून गेली.

त्या वर्षी आमच्या शाळेची सरासरी सगळ्यांत वर आली. सरकारनं चकचकीत ढाल दिली. ती ठेवायला टेबल हवं होतं. माझ्या पायांखाली विटा लावून मला उंच केलं, अंगावर पांढरी चादर घातली आणि ढाल माझ्यावर ठेवली. पाहुणे येत, ढालीचं कौतुक करत. मित्रांनो, माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि मला एवढं जड कधी वाटलं नव्हतं.

मदतवर्ग कागदावरून पुसला गेला. सरांची शिक्षकाची जागा गेली. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खटपट करून सरांना शाळेतच ठेवून घेतलं, सामानाच्या खोलीवर. साहेबांसमोर सर जे बोलले होते, तेच त्यांचं काम झालं. मुलं आपापल्या वर्गात मागच्या बाकावर गेली. परीक्षेच्या दिवशी त्यांना ताप येतच राहिला. पुटपुट्याचा ताप तर बारमाही झाला. एके वर्षी तो आलाच नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ढालीसाठी काचेचं कपाट आलं तेव्हा मला विटांवरून उतरवून सामानाच्या खोलीत ढकललं. माझ्यावर रंगाचे डबे आले. दुपारी सर ते बाजूला सारून माझ्यावर डबा खात. उभ्यानं खात. छोटी खुर्ची शेजारीच असे, पण ते तिच्यात कधी बसले नाहीत.

“पोरगी पुस्तकं नुसती गिळते हो मामा,” एकदा ते शिपाईमामांना म्हणाले. “कॉलेजात पहिली आली. पण मोठ्यानं म्हणून एक ओळ वाचत नाही. म्हटलं, वाच ना, मला ऐकू दे. म्हणते, घसा बसलाय. इतकी वर्षं कुणाचा घसा बसतो का?”

मामा झाडू घेऊन जमीन झाडत राहिले. ती जमीन आधीच स्वच्छ होती.

“एक बरं झालं,” सर घास गिळून म्हणाले. “त्या दिवशी ती घरी होती. बापाच्या तोंडून तसलं ऐकलं असतं, तर पोर जन्मभर माझ्याकडे बघू शकली नसती.”

मामा म्हणाले, “जेवा सर, गार होतंय.”

एका सोमवारी सर आले नाहीत. मंगळवारी समजलं, झोपेतच गेले. नव्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, “कोण? सामान बघायचे ते उंच गृहस्थ का?” शाळा थोडी लवकर सोडली. मुलं आनंदानं ओरडत घरी गेली.

काही दिवसांनी त्यांची मुलगी आली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं. सरांची छत्री, डबा आणि जुना चष्मा न्यायचा होता. शिपाईमामांनी कुलूप काढलं. खोली रिकामी करायची होती. भंगारवाला फाटकाशी हातगाडी लावून बिडी ओढत होता.

मित्रांनो, माझं काय होईल याची काळजी करू नका. लाकूड कुठेतरी जळतंच. मागणं एकच आहे. तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन साहेब होईल, मोजायला एखाद्या शाळेत जाईल. तेव्हा खुर्च्या मोजा, गुण मोजा, पण एकदा वाकून टेबलाखालीही बघा. तिथलं मूल आपणहून हाक मारत नाही.

मुलीनं चष्मा रुमालात गुंडाळला. मग माझ्यावरचे रंगाचे डबे एकेक करून खाली ठेवले आणि छोटी खुर्ची ओढून तिच्यात बसली. तिचे गुडघे छातीशी आले. वडिलांची उंची घेतली होती तिनं.

“त्यांना कधीच कळलं नाही, ताई,” मामा दारातून म्हणाले. “मी बोललो नाही.”

“मीही नाही,” ती म्हणाली.

मामा बाहेर गेले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. तिनं तळवा माझ्यावर सपाट ठेवला. बाहेर भंगारवाल्यानं एकदा हाक दिली, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. मग तिनं घसा साफ केला, आणि त्या रिकाम्या खोलीत, स्पष्ट आणि मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, तशी मुलं होती. मी होते.”