धायरीत चेरी फुलत नाही

शाळेच्या हॉलमध्ये चेरीच्या फुलांचं पोस्टर लागलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. धायरीतल्या एकाही पोरानं चेरीचं झाड पाहिलेलं नाही. मीही नाही. पण हिंजवडीत एक जपानी कंपनी आली होती, तिचे साहेब शाळेला कॉम्प्युटर देणार होते, आणि संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना त्यांच्यासमोर नववीच्या मुलांकडून हायकू म्हणवून घ्यायचे होते.

हायकू म्हणजे तीन ओळी. त्यात ऋतू लागतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. वर्गात मी बजावलं होतं, जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. तनुजानं लिहिलं :

बुजवली विहीर
पार्किंगमध्ये गाडीखाली
भादव्याची ओल

विहीर तिच्या घरची. तिथं आता आप्पासाहेबांनी बांधलेली सोसायटी आहे.

तालमीला आप्पासाहेब आले. ऐकून म्हणाले, पाहुण्यांपुढं रडगाणं नको, पोरीला चेरीवर काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, लिहून देणारा मास्तर दुसरा बघा. ते हसले. अहो, आपण कंत्राटावर आहात, तेवढं ध्यानात असू द्या, म्हणाले. मग स्वतःच गुलाबी फुलांच्या तीन ओळी खरडल्या आणि कागद तनुजाच्या हातात कोंबला. ते गेल्यावर मी तिला सांगितलं, तुला वाटेल ते म्हण. गेली तर नोकरी माझी जाईल.

कार्यक्रमाच्या दिवशी ती माइकसमोर गेली ती रिकाम्या हातानं. आपलाच हायकू म्हणाली, ठणठणीत आवाजात. दुभाषी बाईंनी तो साहेबांना सांगितला. साहेबांनी पुन्हा एकदा सांगायला लावला आणि विचारलं, ही विहीर कुठं आहे?

आप्पासाहेब घाईघाईनं उठले. "काल्पनिक आहे हो. कविताच ती."

"काल्पनिक नाय," तनुजा माइकवरच म्हणाली. "आप्पांच्या सोसायटीत, बी विंगखाली हाय."

मागच्या रांगांत खसखस पिकली. आप्पासाहेबांना पाहुण्यांचंही भान राहिलं नाही.

"तुझ्या बापानंच विकली ना जागा?"

"व्हय, विकली. म्हणून ओल यायची थांबली का, आप्पा?"

दुभाषी बाई गोंधळल्या. हे सांगायचं की नाही, असं त्यांनी आधी आप्पासाहेबांकडं आणि मग माझ्याकडं बघत विचारलं.

"सांगा," मी म्हटलं. "एक शब्द गाळू नका."