तारेवरची पत्रं

तो माणूस जेवताना मनगटावरून ओघळणारं सुकटीचं कालवण चाटत होता. पुढे कितीतरी दिवस मोतीबाईला तेवढंच आठवायचं आणि दर वेळी किळस यायची. तेव्हा मात्र तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. परक्या घरात लाजत नाही, हक्काने मागून घेतो, म्हणजे मनाने निर्मळ असणार. निर्मळ म्हणे!

दहिवलीच्या त्या घरात दोघीच राहत, विधवा मोतीबाई आणि तिची लेक जया. मुलगा गजा नाशिककडे एका कारखान्यात रोजंदारीवर होता. त्याची पत्रं यायची, जया वाचून दाखवायची. हा माणूस भातकापणीच्या दिवसांत दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी चांगो. गजाच्या खोलीत राहतो. त्याला रजा मिळाली नाय, म्हनून मला धाडलं."

मोतीबाई काही अगदीच भोळी नव्हती. तिने त्याला ओटीवर बसवून आडून आडून खूप विचारलं. पण गड्याला सगळं ठाऊक! तिच्या टाचांच्या भेगा, म्हशीचं मेलेलं रेडकू, जयाला कोंडाण्याचं स्थळ आलं आणि मोडलं ते, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. वर म्हणाला, "गजाला आता कायम करनार हायत, आये. शाळेचा दाखला नि मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागितलंय. तुमच्या पत्र्याच्या पेटीत हाय ना, लुगड्याखाली?"

लुगड्याखालीच होतं. मग तिने संशय तरी कशाचा घ्यायचा? तिने त्याला जेवू घातलं. प्रवासाने डोकं दुखतंय म्हणाला, तर मांडीशी बसवून डोक्याला तेल चोळून दिलं. गजाच्या अंथरुणावर झोपवलं. सकाळी कागद घेऊन तो पाया पडून निघून गेला.

आठवडा झाला नाही तोच गजा स्वतः आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आये, दाखला काढ. परवा हजर करायचाय."

"तो तर तुझ्या चांगोनं नेला."

"कोन चांगो?"



त्या भामट्याला घरातलं कुठून कळलं, हे दुसऱ्याच दिवशी उघड झालं. सकाळी मोतीबाई मिश्री लावत बसली होती. जयाने रिकामी झालेली पुडी उलगडली आणि ती पाहतच राहिली. कागदावर गजाचं अक्षर होतं. घरात आलेली पत्रं तारेत टोचून खुंटीला अडकवायची आणि तार भरली की वाण्याकडे, सदूशेठकडे नेऊन द्यायची, त्याबदल्यात मिश्री आणायची, अशी मोतीबाईची जुनी रीत. सदूशेठ त्याच कागदांच्या पुड्या बांधायचा. गजाने पत्रातून विचारलेलं घरचं सुखदुःख, पेटी, लुगडं, दाखला, सगळं पुड्यांमधून बाजारभर फिरत होतं, आणि कुणीतरी हलकटाने ते तंबाखू खाता खाता जुळवून वाचलं होतं. मोतीबाईने तोंडातली मिश्री थुंकली आणि चुळा भरभरून घसा सोलून घेतला.

"निदान फाडून तरी द्यायची!" गजा ओरडला.

"जित्या मानसाचं पत्र फाडत्यात का रं? फाडायचं ते मयताचं कार्ड. तुजं कसं फाडू?"

 गावात सगळेच असं मानत. मरणाची खबर आणणारं कार्ड वाचल्या जागी फाडून बाहेर टाकायचं, बाकीचं एकही फाडायचं नाही. धाकट्या चुलतीच्या मरणाचं कार्ड मोतीबाईने ओटीवरच फाडलं होतं. पण गजाचं पत्र फाडणं म्हणजे लेकाचं वाईट चिंतणं.

कारखान्यातली जागा दुसऱ्याला गेली. शाळेतून नक्कल मिळाली असती, पण अस्सल दाखला घेऊन कुणी गजाच्या नावाने कुठे नोकरीला लागला असेल, तर नक्कल घेऊन फिरणारा खरा गजाच लबाड ठरणार होता. चौकीतले फौजदार म्हणाले, "चांगो हे नाव खोटंच असणार. तो कुठं आहे एवढा धागा आणा, लगेच उचलतो." धागा आणायचा कुठून? गजा गावातच दुसऱ्यांची भातं झोडपू लागला.

मोतीबाईने मात्र धडा घेतला. आता पत्र वाचून झालं की न फाडता थेट चुलीत. पाकीट चुलीत, लग्नाची पत्रिकासुद्धा चुलीत. शेजारणी हसल्या तरी तिने ऐकलं नाही. आणि तळहाताला त्या माणसाच्या तेलकट केसांचा स्पर्श आठवला की ती हात राखेने घासायची.

माघात एक कार्ड आलं. चुलीवर भात होता. जया दारातूनच वाचत आली.

"तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी कायम झालो. तुमच्या हातचं सुकटीचं कालवण इथं मिळत नाही. डोक्याला तेल लावलंत ते विसरलो नाही. तुमचाच, गजा."

मोतीबाईच्या अंगावर सरसरून काटा आला.  लेकाचं नाव घेऊन तो मेला तिला आई म्हणत होता, आणि वर जेवणाची आठवण काढत होता! तिने जयाच्या हातातून कार्ड हिसकलं, चुलीत कोंबलं आणि फुंकणीने जाळ केला.

तेवढ्यात गजा खळ्यावरून धावत आला. धापा टाकत म्हणाला, "आये, कार्ड कुठंय? पोस्टमन वाटंत भेटला. म्हनला, खाली तुजंच नाव घातलेलं कार्ड तुज्याच घरी आलंय. गावला गं तो! त्याच्यावर शिक्का आसंल, कुठल्या गावातनं टाकलंय त्याचा. जया, कुठला शिक्का व्हता?"

जयाने नुसता मजकूर वाचला होता. ती आईकडे बघू लागली.

मोतीबाईने जळत्या चुलीत हात घातला. निखारे चाचपले, राख उकरली. गजाने तिचा हात बाहेर ओढला आणि तांब्यातलं पाणी त्यावर ओतत राहिला.