हातचं न राखलेला डाव

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा आणि चित्त इकडे द्या. एका बाईची आणि तिच्या उजव्या हाताची गोष्ट सांगतो. ती सांगायचा अधिकार माझाच, कारण तिची बोलणी सर्वांत जास्त मी खाल्ली आहेत.

मी एक जुना टेनिसचा खेळ आहे, घरच्या संगणकावर खेळायचा. माझा मुक्काम एका कॅसेटवर; तेव्हा गाण्यांसारखे खेळही कॅसेटवर साठवत. ज्याने मला घडवले, त्याने हिरवे मैदान, जाळी, दोन ठेंगणे खेळाडू आणि चेंडूखाली धावणारी काळी सावली जीव ओतून केली. चेंडू कुठे पडणार, हे ती सावली सांगते. पण तिच्याकडे कोणी पाहील तर शपथ! सगळे चेंडूकडे बघत बसतात, चुकतात आणि म्हणतात, खेळच लबाड. लबाडी माझ्या अंगात कुठून येणार? मला बेरीज येते, तेवढीच.

त्यात सुरू व्हायला मला वेळ लागतो. कॅसेट फिरते आणि संगणकात उतरेपर्यंत मी कर्कश किंचाळतो. मी ज्या घरात होतो, तिथली वहिनी म्हणायची, "माझे कपडे वाळत घालून झाले, तरी याचं नरडं चालूच."

याच घरात वहिनीची नणंद राहायची, शिवणकाम करणारी. वहिनीच्या मुलीची आत्या, म्हणून सगळे तिला आत्याच म्हणत. आजारपणात तिचा उजवा हात लुळा पडला. बोटे हलती ठेवा, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून भाचीने तिला माझ्यापुढे बसवले. एकाच कीबोर्डच्या एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप.

आणि हा भला माणूस मुद्दाम हरायचा. चेंडू आला की हळूच कळीवरून बोट उचलायचा. "अगं ताई, काय मारलास! मला दिसलासुद्धा नाही." भाची टाळ्या पिटायची. मी आतल्या आत चरफडायचो. कोणती कळ दाबली, कोणती सोडली, मला कळत नाही होय? पण मला तोंड नाही, गुणफलक आहे. त्यावर ते खोटे गुण मलाच मांडावे लागत. देवा, अशी खोटी साक्ष कुणाच्या नशिबी देऊ नकोस.

आत्याला वाटले, हात परतला. तिने शेजारणीच्या कोटाचे कापड कापायला घेतले. कात्री मध्येच वाकडी गेली आणि चांगले कापड वाया गेले.

"कात्रीला धार नव्हती, ताई," भाऊ म्हणाला.

"कालच लावून आणलीय. खरं सांग, इतके दिवस मी जिंकत होते, की तू हरत होतास?"

तो वाया गेलेल्या कापडाची घडी घालू लागला.

"मग यापुढे मी या डबड्याशीच खेळेन. याला माझी दया येत नाही."

डबडे! असो. ती रोज माझ्याशी खेळली, रोज हरली. "मेल्या, रेषेवर होता तो!" नव्हता मित्रांनो, चांगला बाहेर होता. किती वेळा सांगणार? पण हळूहळू तिची नजर सावलीवर उतरली. एका दुपारी तिने वेळेवर कळ दाबली. चेंडू माझ्या कोपऱ्यात पडला. तिने नुसता तळहात मांडीला पुसला आणि भावाला हाक मारली.

"बस इथे. बोट उचललंस, तर आयुष्यात तुझा शर्ट शिवणार नाही."

त्याने तिला सडकून हरवले.

"मधले दोन गुण तरी माझे होते ना?" तिने विचारले.

"तुझेच गं. मी जीव तोडून पळत होतो," तो म्हणाला.

ती हसली. हरून इतके हसलेले माणूस मी पुन्हा पाहिले नाही.

हात पुरता कधी आला नाही. पण तो कुठवर आला आहे, हे आता तिला ठाऊक होते. तेवढ्याच बेताची कामे ती घेऊ लागली: बटणे, उसवलेल्या शिवणी.

मित्रांनो, दुबळ्याशी खेळताना त्याच्यासाठी थांबा, त्याला वेळ द्या, पण खोटा गुण देऊ नका. माझी आठवण नाही काढलीत तरी चालेल, मला सवय आहे. त्या आत्याची मात्र काढा.